आबे फारिया आणि मनाचा लगाम

पणजीला गेलेल्या बहुतेकांनी तो पुतळा पाहिलेला असतो. मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयालगत, पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे ताणून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलंडलेली आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली तेथे उभारला गेला. आम्ही कॅसलरॉकची मुले घाट उतरून कुळ्याच्या बाजूने गोव्यात जाणारी. कारवारपेक्षा मडगाव आम्हांला अधिक ओळखीचे. सात-आठ वर्षांचा असताना मामांचे बोट धरून मी तो पुतळा प्रथम पाहिला आणि चटकन त्यांच्या मागे लपलो. हा कोणी मांत्रिक आहे, त्याच्या बोटांतून काहीतरी निघून त्या बाईला लागले आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. ती समजूत पुढे बारा वर्षे टिकली.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सोडून मेंदूच्या भानगडीत का पडावे, असे आमचे वर्गमित्र विचारतील. कारण सांगतो. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला होता. भाषण तोंडपाठ होते. घरी आरशापुढे म्हणून झाले होते, गाडीत खिडकीशी बसून मनातल्या मनात म्हणून झाले होते. व्यासपीठावर गेलो, अध्यक्षमहाशयांना नमस्कार केला आणि पुढचे सगळे पुसले गेले. जीभ टाळूला चिकटली, कानात गाडीसारखी धडधड सुरू झाली, समोरचे चेहरे एकमेकांत मिसळले. किती वेळ तसा उभा होतो ते मला सांगता येणार नाही. खाली उतरल्यावर कोणी हसले नाही, हेच फार लागले. नंतर कितीतरी दिवस मी वर्गातही हजेरीपलीकडे तोंड उघडले नाही.

त्याच सुमारास ग्रंथालयात गोव्याच्या इतिहासाचे एक पुस्तक चाळताना पुतळ्यातला तो पाद्री पुन्हा भेटला. त्याचीही एकदा नेमकी हीच गत झाली होती असे त्यात होते, आणि तीही पोर्तुगालच्या राणीपुढे!

जुझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देशातील कांदोळी या गावी झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे कोलवाळचे. घराणे गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती. पुढे पॅरिसमध्ये छापलेल्या ग्रंथावरही फारियांनी आपल्या नावाला ब्राह्मण हे बिरुद आवर्जून जोडले होते. आईवडिलांचे पटले नाही. दोघे विभक्त झाले. वडिलांनी लग्नापूर्वी अर्धवट सोडलेले धर्मशिक्षण पुन्हा हाती घेतले व ते पाद्री झाले. आई रोझा मारिया जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात दाखल झाली. १७७१ च्या फेब्रुवारीत पंधराव्या वर्षात असलेल्या मुलाला घेऊन वडील जहाजात बसले ते नोव्हेंबरात लिस्बनला उतरले. नऊ महिने समुद्र! आई मागे मठात, पुढे अनोळखी मुलूख. त्या मुलाला या जगात धरायला एकच आवाज उरला होता, तो बापाचा. पुढची गोष्ट वाचताना हे ध्यानात ठेवावे.

लिस्बनहून मुलाला रोमला शिकायला पाठवले गेले. १७८० साली तो पाद्री झाला, धर्मशास्त्रात डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी पोप सहावे पायस यांच्यासमोर प्रवचन करण्याचा मान त्याला मिळाला. म्हणजे मोठ्या सभेत बोलणे त्याला नवे नव्हते. (हे वाचून मला जरा धीर आला. सवय असलेल्यालाही होते तर!)

लिस्बनला परतल्यावर राणी पहिली मारिया हिच्या दरबारी मंडळींपुढे प्रवचनाचे बोलावणे आले. येथून पुढे आख्यायिका सुरू होते, पण ती गोव्यात घरोघरी सांगितली जाते. तरुण फारिया व्यासपीठावर चढले. समोर राणी, सरदार, उंची वस्त्रांचा लखलखाट. तोंडून शब्द फुटेना. व्यासपीठाच्या आडोशाला बसलेल्या बापाने मुलाची स्थिती ओळखली आणि हळूच कोकणीत सांगितले, की ही समोर बसलेली सगळी नुसती भाजी आहे, काप तिला. दरबारात ते कोणाला कळण्याजोगे नव्हते. फारियांना कळले. भीती कुठल्या कुठे गेली आणि प्रवचन धो धो सुरू झाले.

आमच्या गावी घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात कोकणी असा मामला असल्याने त्या वाक्याची चव मला लगेच कळली. ते दरबारी भाषेत सांगितले असते तर काम झाले नसते. ते स्वयंपाकघरातले वाक्य आहे, विळीजवळचे आहे. नऊ महिन्यांच्या समुद्रापलीकडचे घर त्या चार शब्दांत आले.

असे सांगतात की फारियांना ही घटना जन्मभर छळत राहिली. एका क्षणी मी दगड होतो, दुसऱ्या क्षणी मोकळा झालो. मध्ये फक्त काही शब्द पडले. मग ते सामर्थ्य कशाचे?

आजचे शास्त्र या प्रश्नाकडे कसे पाहते ते आधी सांगतो, म्हणजे फारियांची पुढची धडपड समजायला सोपे जाईल. कानशिलांच्या आतल्या बाजूस, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक लहान पुंजका असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. समोर धोका आहे असे दिसताच हा पुंजका, आपण विचार करण्यापूर्वीच, खालच्या केंद्रांना इशारा देतो. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरते. प्राणी अशा वेळी पळतो, उलटतो किंवा जागच्या जागी थिजतो. हे तिन्ही उपाय रानात उपयोगी आहेत. जोयड्याच्या जंगलात अस्वल पुढ्यात आले तर भाषण आठवून काय करायचे? अडचण इतकीच, की शेकडो डोळे आपल्याकडे रोखलेले पाहून हा पुंजका अस्वल पाहिल्यासारखाच वागू शकतो.

याला आवर घालणारा भाग कपाळाच्या मागे, मेंदूच्या अग्रभागात असतो. आलेल्या इशाऱ्याचा अर्थ लावणे, परिणामांचा विचार करणे, जिभेवर आलेला शब्द किंवा उगारलेला हात मागे घेणे ही त्याची कामे. आमच्याकडे प्रत्येक गाडी घाट उतरण्यापूर्वी कॅसलरॉकला थांबते आणि तिचे ब्रेक तपासले जातात, कारण कुळ्यापर्यंत सदतिसास एक असा उतार आहे. मेंदूचा अग्रभाग म्हणजे हा ब्रेक, असे मी प्रथम लिहून ठेवले होते. पण आणखी वाचल्यावर उपमा अपुरी वाटली. ब्रेकला गाडी कोठे चालली आहे हे ठाऊक नसते. अग्रभागाला ते ठाऊक असते. तो अमिग्डलाला गप्प करतो त्यापेक्षा समोर काय आहे ते नव्याने समजावून सांगतो. आणि ताण फार वाढला तर हाच भाग आधी ढिला पडतो, पाठ केलेले शब्द हाती लागत नाहीत. शिवाय तो पुरता पक्व व्हायला विशीची निम्मी वर्षे उलटावी लागतात. म्हणजे आपल्या महाविद्यालयातील बहुतेक सर्वांचे बांधकाम अजून चालू आहे. प्राध्यापकमंडळींनी हे कृपया लक्षात घ्यावे.

फारियांच्या बापाने केले ते हेच. त्याने राणीला हलवले नाही, दरबार उठवला नाही. फक्त समोरच्या दृश्याचा अर्थ बदलला. मानसशास्त्रात याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. आम्हां वाणिज्यवाल्यांना हा शब्द भागीदारीच्या हिशेबात भेटतो: इमारत तीच, यंत्रे तीच, पण वहीतला आकडा बदलतो आणि त्याबरोबर सगळा ताळेबंद बदलतो. माणसे भीतिदायक दृश्याचा अर्थ मुद्दाम बदलून पाहत असताना त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली गेली आहेत. अग्रभागाचे काम वाढलेले आणि अमिग्डलाचे उतरलेले त्यांत पुष्कळदा दिसते.

अठराव्या शतकात यातले काहीच ज्ञात नव्हते. फारियांचे आयुष्य तर दुसऱ्याच वादळात सापडले. गोव्यातील देशी पाद्र्यांना वरच्या जागा मिळत नसत. त्या असंतोषातून १७८७ साली पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीस आला. फारिया पितापुत्रांचा त्याच्याशी संबंध जोडला गेला. १७८८ साली फारिया लिस्बन सोडून पॅरिसला गेले, आणि वर्षभरात तेथे राज्यक्रांती पेटली. ऑक्टोबर १७९५ मध्ये क्रांतिकारी सरकारविरुद्ध पॅरिसमध्ये उठाव झाला तेव्हा एका तुकडीच्या अग्रभागी कांदोळीचा हा पाद्री होता. तरुण नेपोलियनने तोफा डागून तो उठाव मोडला. राणीपुढे थिजलेला माणूस तोफांपुढे चालून गेला! स्वभाव थंड नव्हता, एवढे यावरून खास दिसते.

पॅरिसमध्ये त्या काळी मेस्मरच्या नावाची हवा होती. माणसाच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय प्रवाह वाहतो आणि हात फिरवून तो रोग्यात सोडता येतो, असे या व्हिएन्नाहून आलेल्या वैद्याचे म्हणणे. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली होती. तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. असा प्रवाह नाही, जे घडते ते कल्पनेच्या जोरावर घडते, असा निर्वाळा तिने दिला आणि प्रकरण बंद केले. फारियांचे वेगळेपण येथे आहे. समितीने जेथे कल्पना हा शब्द लिहून वही मिटली, तेथे फारियांनी वही उघडली. कल्पनेने एवढे होते, तर कल्पना ही क्षुल्लक वस्तू कशी?

मधली वर्षे झरकन गेली. १८११ च्या सुमारास ते मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, पुढे नीम या गावी गेले, आणि १८१३ मध्ये पॅरिसला परत येऊन क्लिशी रस्त्यावर त्यांनी जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेश फी पाच फ्रँक. (त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, तरी गर्दी होत असे.) पद्धत अगदी साधी होती. माणसाला आरामात खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगायचे, आणि मग मोठ्या, शांत आवाजात झोपण्याची आज्ञा द्यायची. पहिल्याने जमले नाही तर उघडा तळहात डोळ्यांसमोर धरून हळूहळू जवळ आणायचा. काही जण त्या विशिष्ट अवस्थेत जात, काही जात नसत. फारिया हे लपवत नसत. प्रत्येकाला झोपवता येत नाही, कारण झोपवणारा मी नाहीच, असे ते श्रोत्यांना सांगत. माझ्या हातातून, डोळ्यांतून, इच्छेतून काहीही बाहेर पडत नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या आत घडते, तो स्वतःच्या एकाग्रतेने तेथे जातो, माझा शब्द निमित्तमात्र, हा त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा. पाच फ्रँक घेऊन स्वतःकडे काही शक्ती नाही असे जाहीर करणारा दुसरा जादूगार माझ्या तरी ऐकिवात नाही.

चुकाही होत्या. काही माणसे चटकन या अवस्थेत जातात याचे कारण त्यांचे रक्त पातळ असते, असे ते मानत. मेंदूकडे त्यांचे लक्षच गेले नाही. पण जागे झाल्यावरही आधी दिलेली सूचना माणूस पाळतो हे त्यांनी नोंदले होते, आणि शब्दाने शरीरावर परिणाम होतो हेही. याच वाटेने पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम हे वैद्य चालले. आणि १९९७ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी काय पाहिले? काही जणांना संमोहित करून त्यांचे हात चटका बसेल अशा गरम पाण्यात बुडवले, आणि त्रास कमी वाटेल किंवा अधिक वाटेल अशी सूचना शब्दांनी दिली. पाणी तेवढेच गरम. पण वेदनेच्या त्रासदायकपणाशी संबंधित असा मेंदूच्या मध्यरेषेजवळचा भाग सूचनेप्रमाणे कमीअधिक कार्य करताना दिसला. क्लिशी रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला हे दाखवता आले असते तर!

त्याच्या वाट्याला मात्र हसे आले. चर्चला यात सैतानाचा वास आला. मेस्मरचे अनुयायी रागावले, कारण प्रवाहच नाही म्हटल्यावर त्यांच्या हातांना किंमत उरत नव्हती. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर चुंबकवेडाची टर उडवणारे एक प्रहसन आले, आणि त्यातले सोंग कोणाचे ते प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. एका नटाने वर्गात येऊन झोपल्याचे नाटक केले आणि ऐन वेळी डोळे उघडून फारियांची फजिती केली, असेही सांगतात. वर्ग ओस पडले. पोटासाठी फारियांनी मुलींच्या एका धार्मिक शाळेत पाद्री म्हणून काम धरले आणि उरलेला वेळ ग्रंथ लिहिण्यात घालवला.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. सभेत फजिती होणे म्हणजे काय हे ज्याला तरुणपणीच कळले होते, त्याची साठीत साऱ्या शहराने फजिती केली. या वेळी आडोशाला बाप नव्हता. तरी माणूस लिहीत बसला. लगाम कोणाच्या हाती असतो या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या ग्रंथापेक्षा मला या तीन वर्षांत अधिक दिसते.

मेंदूच्या अग्रभागाची ओळख जगाला झाली ती नंतर, आणि योगायोग असा की रेल्वेच्या कामावर. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात लोहमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू भलत्या वेळी पेटली आणि साडेतीन फुटांहून लांब पहार फिनिअस गेज या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो जगला, चालला, बोलला. पण शांत, भरवशाचा मुकादम लहरी आणि तोंडाळ झाल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदले. नंतर चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली, तेव्हा काही अंशी तो सावरला असावा असे आताचे अभ्यासक मानतात. आमच्या घाटातले बोगदेही सुरुंग लावूनच खोदलेले. १८८८ साली हा मार्ग सुरू झाला. त्या बोगद्यांतून जाताना मला आता गेजची आठवण होते.

आणखी एक माणूस या कथेत येतो आणि तो मला अस्वस्थ करतो. लिस्बनचे मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९२५ साली फारियांवर पुस्तक लिहिले आणि संमोहनाच्या इतिहासात या विसरलेल्या गोवेकराला मानाची जागा दिली. शब्दाने मन मोकळे होते हे सांगणाऱ्या माणसाचा असा चाहता! दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३५ मध्ये, याच मोनिझ यांनी अतिभय आणि उद्वेग यांनी पछाडलेल्या रोग्यांच्या कवटीला छिद्रे पाडून अग्रभागाला उरलेल्या मेंदूशी जोडणारे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यांचे हात सांधेदुखीने अधू असल्याने प्रत्यक्ष काम सहकारी आल्मेदा लिमा करीत. रोगी शांत होत. पण कित्येकांची उमेद, जिव्हाळा, स्वतः होऊन काही करण्याची इच्छाही त्याबरोबर जाई. १९४९ साली मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत हजारो माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. १९५० नंतरच्या दशकात औषधे आली आणि ती पद्धत मागे पडली. मोनिझ यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. त्या वेळी वेड्यांच्या इस्पितळात अन्य उपाय नव्हते हेही खरे. पण फारियांचे पुस्तक इतक्या बारकाईने वाचलेल्या माणसाने रोग्याच्या आतली शक्ती जागवायच्या ठिकाणी तार घालावी, हे मला काही केल्या जुळवता येत नाही. आमच्या भाषेत, ताळेबंद जुळावा म्हणून भांडवलच खोडल्यासारखे झाले.

फारिया सप्टेंबर १८१९ मध्ये पॅरिसमध्ये मेंदूच्या आघाताने वारले. सजग निद्रेच्या कारणांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी बाहेर पडला. पुढचे खंड आलेच नाहीत. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांना पुरले, पण थडग्यावर खूण नाही. पंचवीस वर्षांनी अलेक्झांडर द्यूमाने आपल्या प्रसिद्ध कादंबरीत त्यांचे नाव एका कैदी पाद्र्याला दिले आणि त्याला इटालियन करून टाकले. जगभर फारिया हे नाव माहीत आहे ते बहुधा त्या कैद्याचे.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पणजीला गेलो होतो. पुतळ्यापाशी सहलीची मुले उभी होती. एक लहान मुलगी आपल्या भावापुढे तसेच हात पसरून उभी राहिली आणि भाऊ धाडकन मागे पडण्याचे सोंग करीत होता. पुतळा उत्तम आहे यात शंका नाही. पण ज्या हातांत काही नाही असे सांगत फारिया हयातभर भांडले, तेच हात शिल्पकाराने सगळ्यांत पुढे ताणले आहेत, आणि बघणाऱ्याची नजर पहिल्याप्रथम तेथेच जाते. मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिलो. मग गाडीची वेळ झाली.

वक्तृत्व स्पर्धेच्या यादीत यंदाही नाव घातले आहे. विषय अजून मिळालेला नाही.